चिंगम खाऊनही बिडी सुटेना, आता काय?

वाचकाचं पत्र (थोडं आटोपशीर करून):

"वय 46. मानवतजवळ जिनिंगवर कामाला आहे, हंगाम नसला की घरची तीन एकर. वीसेक वर्षं झाली, रोज बिडीचं एक बंडल, कधी वरून दोन-चार. सकाळी डोळे उघडले की आधी बिडी, त्याबिगर पोट साफ होत नाही. बीपीची एक गोळी चालू आहे. पोळ्याला पोरीनं शपथ घातली म्हणून मेडिकलवरून निकोटीनचं चिंगम आणलं, 2 मिलिग्रॅमचं. दिवसाला चार खाल्ले. घशाला आग, उचक्या, मळमळ अन् तलफ तशीच. तिसऱ्या दिवशी बिडी पेटवली. सोबतचे म्हणतात, चिंगमला पैसे घालण्यापेक्षा तंबाखू-चुना खा, बिडी आपोआप सुटते. खरं आहे का? वडील 72 वर्षांचे, तेही ओढतात, दम्याच्या गोळ्या चालू आहेत. त्यांना चिंगम दिलं तर चालंल का?"

नमस्कार भाऊ,

तिसऱ्या दिवशी बिडी पेटली म्हणून स्वतःला दोष देत बसू नका. तुमच्याच पत्रातल्या आकड्यांचा हिशेब मांडला की कारण सापडतं. एका सिगारेटमधून अंगात साधारण 1 ते दीड मिलिग्रॅम निकोटीन जातं आणि बिडी यात मागे नाही. बंडलभर बिड्या म्हणजे दिवसाला निदान 20 ते 30 मिलिग्रॅम. उलट 2 मिलिग्रॅमच्या एका चिंगममधून, अगदी नीट चघळलं तरी, रक्तात पोचतं ते निम्मं, म्हणजे जेमतेम 1 मिलिग्रॅम. चार चिंगमचे झाले चार. शरीराला पंचवीसची सवय आणि तुम्ही दिले चार! तेही पुरते पोचले नाहीत. उचक्या आणि घशाची आग हेच सांगतात की बरंचसं निकोटीन लाळेबरोबर पोटात उतरलं. पोटातून ते आधी यकृतात जातं आणि तिथेच त्याचा मोठा भाग मोडून पडतो. म्हणजे त्रास सगळा झाला आणि तलफेला काही मिळालंच नाही.

चिंगम कसं खायचं हे मेडिकलवर सहसा कुणी सांगत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो. हे चिंगम लहान मुलांच्या चिंगमसारखं सारखं चावायचं नसतं. एक तोंडात घ्या आणि सावकाश दहा-पंधरा वेळा चावा. जिभेला मिरीसारखा तिखटपणा किंवा चुरचुर जाणवली की थांबा. आता ते गाल आणि हिरडीच्या मधे ठेवून द्या, जिथे लोक तंबाखूची चिमूट धरतात तिथेच. निकोटीन तिथल्या नाजूक कातडीतून रक्तात जातं. मिनिटभरात चुरचुर ओसरते. मग पुन्हा चार-सहा वेळा चावा, चुरचुर आली की दुसऱ्या गालात ठेवा. असं अर्धा तास चालवायचं, मग फेकायचं. भराभर चावलं की निकोटीन एकदम सुटतं, तोंडात लाळ भरते, ती गिळली की उचक्या आणि जळजळ, थुंकली की औषध वाया. दोन्हींवर उपाय एकच, कमी चावणं.

दुसरी खोट बहुतेक चहाची. चुन्याशिवाय तंबाखू "लागत" नाही हे आपल्याकडे कुणालाही विचारा. चुना तोंडातली आंबट बाजू मारतो, तेव्हा निकोटीन गालातून आत शिरतं. चिंगममध्ये चुन्याच्या जागी सोड्यासारखे क्षार घातलेले असतात, काम तेच. वरून चहा, कॉफी, लिंबू सरबत, ताक किंवा थंड सोडा प्यायला की ते क्षार निकामी होतात आणि निकोटीन लाळेतच पडून राहतं. म्हणून चिंगमच्या आधी पंधरा मिनिटं आणि चिंगम तोंडात असेपर्यंत पाण्याशिवाय काही नको. आधी काही खाल्लं असेल तर चूळ भरा, पंधरा मिनिटं जाऊ द्या, मग घ्या.

आता ताकद किती हवी. उठल्यापासून पहिल्या अर्ध्या तासात ज्याला बिडी लागते, त्याचं शरीर निकोटीनला पक्कं बांधलेलं आहे असं धरतात. तुमची तर डोळे उघडताच पेटते. अशा माणसाला 4 मिलिग्रॅमचं चिंगम लागतं. 2 मिलिग्रॅमचं चिठ्ठीशिवाय मिळतं, म्हणून सगळे तेच आणतात. 4 मिलिग्रॅमसाठी डॉक्टरांची चिठ्ठी हवी. बीपीची गोळी चालू आहे म्हणून नाहीतरी एकदा डॉक्टरांना भेटायचंच आहे, तेव्हाच लिहून घ्या. बीपी आटोक्यात असेल तर निकोटीनचं औषध सहसा अडत नाही. बिडी ओढत राहणं बीपीला आणि हृदयाला त्याहून कितीतरी वाईट. मात्र गेल्या दोन आठवड्यांत हृदयविकाराचा झटका आला असेल, छातीत दुखणं वाढत असेल किंवा ठोके अनियमित पडत असतील तर डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय सुरू करू नये. गरोदर बाई आणि 18 वर्षांखालची मुलं यांनाही तेच लागू.

मात्रा अशी. पहिले सहा आठवडे दर एक ते दोन तासांनी एक, दिवसाला निदान नऊ. सातव्या ते नवव्या आठवड्यात दोन ते चार तासांनी एक. दहाव्या ते बाराव्यात चार ते आठ तासांनी एक. दिवसाला 24 च्या वर कधीच नको. तलफ आली की मग खायचं, ही पद्धत सुरुवातीला फसते. बिडीचा झुरका दहा-वीस सेकंदांत मेंदूला पोचतो, चिंगमला मात्र पुरा असर दाखवायला वीस-तीस मिनिटं लागतात. तलफ पेटल्यावर घेतलेलं चिंगम नेहमी उशिरा पोचणार. जिनिंगमध्ये कापसाजवळ आग नको म्हणून तुम्ही सुट्टीत बाहेर जाऊन ओढत असणार. ती वेळ तुम्हाला पाठ आहे. तिच्या वीस मिनिटं आधी चिंगम गालात ठेवा. कपाशी हाताळलेले, फवारणी केलेले हात मात्र आधी धुवा.

नुसत्या चिंगमपेक्षा पॅच (अंगावर चिकटवायची निकोटीनची पट्टी) आणि चिंगम दोन्ही मिळून जास्त चांगलं काम करतात, यात आता शंका उरलेली नाही. पॅच दिवसभर संथपणे निकोटीन सोडतो, चिंगम मधेच उसळणाऱ्या तलफेसाठी हाताशी राहतं. दिवसाला दहाच्या वर ओढणाऱ्याला 21 मिलिग्रॅमच्या पॅचपासून सुरुवात करतात. सहा आठवडे 21, पुढे दोन आठवडे 14, पुढे दोन आठवडे 7. सोबतचं चिंगम मग 2 मिलिग्रॅमचंही बहुधा पुरतं आणि कमीच लागतं. तुमच्यासाठी आमची पसंती हीच जोडी आहे. डॉक्टरांसमोर तसं स्पष्ट बोला. पॅच मिळालाच नाही तर 4 मिलिग्रॅमचं चिंगम एकटंही चालेल, पण मग नऊच्या खाली जायचं नाही.

पॅचचं आपल्याकडे एक दुखणं आहे, ते म्हणजे घाम. अंघोळ करून अंग खडखडीत कोरडं करा. तेल लावू नका, लावलं असेल तर ती जागा आधी साबणाने धुऊन पुसा. दंडाची बाहेरची बाजू, पाठीचा वरचा भाग किंवा छाती, जिथे केस कमी तिथे चिकटवा आणि तळहाताने दहा सेकंद दाबून धरा. शेतात काम करायचं तर दंडापेक्षा पाठ बरी, ऊन आणि घासणं दोन्ही कमी. तापलेल्या अंगात पॅचमधलं निकोटीन जास्त वेगाने शिरतं. भर उन्हात गरगरलं, मळमळलं, गार घाम फुटला, छाती धडधडली तर पॅच काढून जागा नुसत्या पाण्याने धुवा आणि सावलीत बसा. थोड्या वेळात बरं वाटलं नाही तर दवाखाना गाठा. रोज नवा पॅच, रोज नवी जागा. तीच जागा आठवडाभर पुन्हा नको, नाहीतर खाज आणि लाल चट्टा. थोडी खाज पहिल्या तासात अनेकांना येते. कापून अर्धा करू नका. पाकिटं पत्र्याखालच्या फळीवर किंवा ट्रॅक्टरच्या पेटीत ठेवू नका, उन्हाने खराब होतात.

आणि हे फार जपा. वापरलेल्या पॅचमध्ये आणि चघळून टाकलेल्या चिंगममध्येही निकोटीन उरतं. लहान लेकराने तोंडात घातलं तर विषबाधा होऊ शकते. पॅचच्या चिकट बाजू आतून जुळवून घडी घाला, चिंगम कागदात गुंडाळा, आणि लेकरं, कुत्री, शेळ्या पोचणार नाहीत असं टाका. हात धुवा.

सकाळच्या बिडीचं आणि पोटाचं तुम्ही लिहिलंत ते खरंच आहे. निकोटीन आतड्यांना हालचाल देतं, त्यामुळे बिडी सुटली की पहिले दोन-तीन आठवडे अनेकांना बद्धकोष्ठता होते आणि केवळ तेवढ्यासाठी माणूस पुन्हा ओढतो. हे आधीच हेरून ठेवा. सोडण्याच्या तीन-चार दिवस आधीपासून रात्री झोपताना एक-दोन चमचे इसबगोल पेलाभर पाण्यातून, वर आणखी पेलाभर पाणी. सकाळी उठल्यावर दोन पेले कोमट पाणी आणि लगेच पहिलं चिंगम. पॅच रात्री अंगावर ठेवला तर पहाटेची तलफ बरीच सौम्य होते, तुमच्यासारख्याने तसाच ठेवून पाहावा. विचित्र स्वप्नं पडू लागली, झोप मोडू लागली तर झोपताना काढून टाका आणि सकाळी नवा लावा.

चहाचं आणखी एक आहे, जे फार कमी लोकांना ठाऊक असतं. बिडीचा धूर यकृताला चहातलं कॅफिन लवकर संपवायला लावतो. धूर थांबला की तेच कॅफिन अंगात जवळजवळ दुप्पट वेळ टिकतं. रोजचे सहा कप तेवढेच राहिले तर हात थरथरतात, चिडचिड होते, झोप येत नाही, आणि माणूस म्हणतो चिंगम सोसलं नाही. सोडल्या दिवसापासून चहा निम्म्यावर आणा, संध्याकाळचा शक्यतो बंद. बिडी आणि चहा ही जोडी मोडायलाही त्याने मदत होते.

सोबत्यांच्या सल्ल्याचं उत्तर: अजिबात नाही. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ 3.8 टक्के होते आणि तंबाखू, मिश्री, गुटखा असं धूरविरहित सेवन करणारे 24.4 टक्के. आपल्या राज्याचं खरं संकट तोंडातल्या तंबाखूचं आहे, आणि तुम्ही त्यात एकाची भर घालायला निघालात. तंबाखू-चुन्याने तलफ भागते हे खरं, कारण निकोटीन तेच. पण त्यासोबत तोंडाचा कॅन्सर करणारी द्रव्यं तासन्‌तास गालाला लागून राहतात. चिंगम आणि पॅचमध्ये तंबाखूची पानं नसतात, धूर नसतो, डांबर नसतं, कार्बन मोनॉक्साइड नसतो. शिवाय चिंगम बारा आठवड्यांत उतरत्या मात्रेने संपवायचं ठरलेलं असतं. तंबाखूची पुडी कधी संपवायची हे कुणीच ठरवत नाही, आणि बहुतेक जण शेवटी दोन्ही करतात. निकोटीनचं हे औषध, म्हणजे चिंगम आणि पॅच, 2009 पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, ते उगाच नाही.

पैशाचंही खोटं सांगणार नाही. बिडी स्वस्त आहे, चिंगम-पॅच दिवसाला तिच्याहून महाग पडतील. म्हणून आधी परभणीच्या जिल्हा रुग्णालयात तंबाखूमुक्तीची ओपीडी विचारा. राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रमाखाली जिल्ह्यात समुपदेशक असतो, सल्ल्याला पैसे लागत नाहीत, औषध उपलब्ध असेल तर तेही तिथून मिळू शकतं. दंत महाविद्यालयांतही अशी केंद्रं असतात. फोनवर बोलायचं तर 1800-11-2356, मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं. हा नंबर तंबाखूच्या पाकिटांवर छापलेला असतो. औषधाने बिडी सुटण्याची शक्यता नुसत्या निर्धाराच्या साधारण दीडपट होते, वर कुणीतरी नियमित विचारपूस करणारं असलं की आणखी वाढते. पहिल्याच खेपेला सगळ्यांची सुटत नाही, हेही माहीत असू द्या.

तारीख पुढच्या दोन आठवड्यांतली ठरवा. घरचं लग्न किंवा वेचणीची ऐन धांदल तेवढी टाळा. आदल्या रात्री बंडी, कोनाडा, गोठा, गाडीची डिकी, सगळीकडची बंडलं आणि काडीपेट्या काढून टाका. पोरीलाच सोबत घ्या, शपथ तिने घातली आहे. पारावर, स्टँडवर कुणी बिडी पुढे केली तर भांडायचं कारण नाही. "डॉक्टरनं पॅच लावलाय, ओढायची नाही" एवढं पुरतं. पॅच दिसला की लोक आग्रहही कमी करतात. पहिले तीन दिवस सगळ्यात कठीण, पहिला आठवडा जड, पुढे तीन-चार आठवड्यांत चिडचिड आणि अस्वस्थता बरीच उतरते. तलफेची एक लाट तीन ते पाच मिनिटांची असते. त्या वेळी जागा सोडा, तोंड धुवा, दोन खारका किंवा थोडी बडीशेप चघळा. चिंगम गालात असेल तर खायला लागू नका. खोकला आणि बेडका सुरुवातीला वाढू शकतो, त्याने घाबरू नका. रक्त पडलं, वजन उतरत गेलं किंवा खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर मात्र थुंकी आणि छातीचा फोटो तपासून घ्या.

चुकून एखादी बिडी ओढलीच तर पॅच काढू नका, चिंगम बंद करू नका. तुमच्यासारखे किती तरी जण "आता मोडलंच" म्हणून त्याच दिवशी औषध फेकतात आणि आठवड्याभरात बंडलावर येतात. तसंच उलटही होतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बरं वाटायला लागतं, माणूस पॅच आणणं थांबवतो, आणि पुढच्या लग्नात, बाजारात बिडी पुन्हा हातात येते. दहा-बारा आठवडे पुरे करा. त्यानंतरही दोन चिंगम महिना-दोन महिने खिशात राहू द्या.

आता वडिलांचं. 72 व्या वर्षी सोडली तरी दम्याला आणि हृदयाला फायदा होतो, तेव्हा वय झालं म्हणून राहू देऊ नका. पण त्यांना चिंगम देऊ नका. दात पडलेले असतील किंवा कवळी असेल तर चिंगम तिला चिकटतं, आणि हिरडीने चावून पद्धत जमत नाही. पूर्वी सुपारी-गुटख्याने तोंड कमी उघडत असेल तरी तीच अडचण. त्यांना पॅच बरा, दिवसाला किती ओढतात त्यावर 21 की 14 हे डॉक्टर ठरवतील. किंवा न चावता विरघळणारी निकोटीनची गोळी.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यांची दम्याची गोळी. ती थिओफायलिनची असेल तर नीट लक्ष द्या. खेड्यापाड्यात सर्रास दिली जाणारी डेरिफायलिन याच जातीची. बिडीचा धूर कॅफिनसारखंच हे औषधही यकृताकडून लवकर संपवतो, म्हणून ओढणाऱ्याला जास्त मात्रा लागते. धूर थांबला की आठवड्याभरात तीच मात्रा रक्तात वाढून बसते. मग मळमळ, उलटी, छातीत धडधड, हातांची थरथर, झोप उडणं. लक्षणं निकोटीन जास्त झाल्यासारखीच, त्यामुळे घरचे पॅच काढून टाकतात आणि खरं कारण गोळीतच राहतं. हे पॅचमुळे होत नाही, बिडी थांबल्यामुळे होतं. औषधाशिवाय सोडली असती तरी झालं असतं. तेव्हा वडिलांची सोडायची तारीख डॉक्टरांना आधी कळवा, गोळीची मात्रा कमी करायची का ते विचारा, स्वतःहून बंद करू नका. आणि जाताना गोळ्यांचं रिकामं पाकीट सोबत न्या, नाव सांगण्यात घोळ होतो.